रद्दीचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने आज मला बोलायला उभे केले आहे आणि विषयही मंडळानेच नेमून दिला आहे: ‘कागदाचा पुनर्वापर’. तो ऐकून आमच्या घरी हशा पिकला, कारण रद्दी साठवण्याची माझी खोड दिघोरीत कोणाला ठाऊक नाही? पण मी होकार दिला तो त्या खोडीमुळे नव्हे. मला एक चूक कबूल करायची आहे, आणि तीत मी तुम्हाला ओढले होते, म्हणून ती तुमच्यासमोरच सांगते.

२०१८ सालच्या मार्चात राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर बंदी घातली. जूनच्या अखेरीस दंडही होऊ लागला. त्या पावसाळ्यात आपण माझ्या ओटीवर बसून वर्तमानपत्रांच्या पिशव्या चिकटवल्या. खळ मी शिजवीत असे, घड्या तुम्ही घालीत असा. शेकड्याच्या हिशेबाने गठ्ठे बाजारात जात, आणि किराणा दुकानदारापासून भजीवाल्यापर्यंत सगळे ते घेत. दोघीतिघींच्या हाती चार पैसे आले. मला तर धन्य धन्य वाटत होते!

पुढे एका आठवडी बाजारी नातवाला भजी घेऊन दिली. पुडी आपल्याच हातची. पोराने एक भजे उचलले आणि ते डोळ्यांजवळ नेऊन बघत बसला. म्हणाला, “आजी, यावर उलटी अक्षरं आहेत.” तो ती वाचण्याच्या खटपटीत होता. मी ते भजे त्याच्या हातून घेतले, पण आधीची दोन पोटात गेली होती.

चौकशी केली तेव्हा कळले की आपण खळ शिजवायला घेण्याच्या आधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असा इशारा दिला होता. २०१८ च्या नियमांत तर तशी स्पष्ट मनाईच आली. छपाईची शाई पोटात जाण्यासाठी केलेली नसते. गरम तेल लागले की ती सुटते आणि पदार्थात उतरते. मी काम बंद केले. आपल्यातल्या एका भगिनीने त्या पैशांवर मुलाच्या शाळेचा हिशेब बांधला होता. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “ताई, हे आधी विचारायला नको होतं का?” ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे.

तेव्हापासून मी विचारू लागले, वाचू लागले. कागद म्हणजे काय, तर झाडाचे किंवा चिंधीचे तंतू पाण्यात सैल करायचे, चाळणीवर उचलायचे, दाबायचे आणि वाळवायचे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आपल्या वर्ध्यास १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पांनी त्याचा व्याप सांभाळला, आणि त्याच्या उद्योगांत हातकागदही होता. पुण्यास शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था निघाली. तिथे लगद्यासाठी झाड तोडावे लागत नाही, सुती कापडाच्या चिंध्या चालतात. छापलेल्या कागदाची शाई धुऊन पुन्हा कागद करता येतो, हे तर जर्मनीतल्या क्लाप्रोट नावाच्या एका कायदेपंडिताने १७७४ सालीच लिहून ठेवले. वकिलालाही कधीकधी उपयोगाचे सुचते म्हणायचे!

पण कागदाचा जन्म अनंत नाही. दर खेपेला तंतू आखूड होतो आणि पाचसात फेऱ्यांनंतर तो कागद धरीत नाही. आणि तेलाने माखलेला किंवा खरकट्यात भिजलेला कागद तर पहिल्याच फेरीला बाद होतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली. २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी जाऊन ओला-सुका कचरा वेगळा मागून घेते. बंगल्यांतल्या शिकलेल्या बायकांना ही शिकवण दिली ती या बायांनी. कागद उकिरड्यावर पडण्याआधी वेगळा झाला तरच त्याला किंमत, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आता पुडीचे काय? साबण, बांगड्या, खिळे यांना वर्तमानपत्राची पिशवी खुशाल वापरा. खाण्याच्या वस्तूला नको. लग्नकार्यात हल्ली चकचकीत कागदी ताटे येतात. त्यातले एक रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी कागदाचा लगदा होतो आणि वर एक पातळ पापुद्रा हाती येतो. ते प्लास्टिक. मी हा प्रयोग शेजारच्या पोरांना करून दाखवला, तेव्हा त्यांनी घरी जाऊन आयांना जे प्रश्न विचारले त्याबद्दल दोन आया माझ्यावर अजून रुसून आहेत.

आपल्याकडे पळस काय कमी आहे? आपल्या आज्या पळसाची पाने बांबूच्या काडीने टाचून पत्रावळी आणि द्रोण करीत. पंगत उठली की ती पत्रावळ उकिरड्यात जाई आणि तिचे खत होई. अडचण आहे ती किमतीची, आणि ती मी लपवणार नाही. हाताने टाचलेली पत्रावळ त्या चकचकीत ताटापेक्षा महाग पडते. पाने आणायची, पुसायची, एकावर एक रचायची, यात दिवस जातो, आणि त्या दिवसाची मजुरी कोणीतरी दिली पाहिजे. स्वस्तात मागाल तर तो भार पुन्हा आपल्याच एखाद्या बाईच्या पाठीवर पडेल.

त्या भगिनीला मी पुन्हा विचारले आहे, या वेळी सगळी चौकशी आधी करून. ती म्हणते, तीन घरांनी लग्नाची पंगत पळसाच्या पत्रावळीवर घालायचे ठरवून निम्मे पैसे आगाऊ दिले, तर ती आणि तिची जाऊ कामाला बसतील. दोन घरांचा होकार काल संध्याकाळपर्यंत आला आहे. तिसऱ्या घरासाठी मी भाषण संपल्यावर दाराशी वही घेऊन उभी राहणार आहे.