दगडांच्या वर्तुळातला बसस्टॉप

आजचा भाग एका बसस्टॉपबद्दल आहे. हो, बसस्टॉपच! इंग्लंडमधल्या विल्टशर काउंटीतलं एव्हबरी गाव.

स्विंडनहून ४९ नंबरची बस मिळते. स्विंडनमध्ये गोव्याचे लोक बरेच राहतात, त्यामुळे नाव कानावर आलं असेल. बस रॉटन, ब्रॉड हिंटन अशी गावं घेत एव्हबरीला येते आणि पुढे डिव्हायझेसकडे जाते. मी उतरलो तो थेट चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दगडांच्या वर्तुळात! हे वर्तुळ सुमारे ३३० मीटर रुंद आहे. त्याच्या आतच घरं, रस्ता आणि ‘रेड लायन’ नावाचा पब. स्टोनहेंजसारखी इथे दोरी नाही, दगडाला खुशाल हात लावा.

तिथून दक्षिणेला चालत गेलं की सिलबरी हिल दिसते. ही टेकडी माणसांनी रचलेली आहे. कशासाठी, ते आजही कळलेलं नाही. आत कबरही सापडली नाही. वर चढायला बंदी आहे. त्यापलीकडे वेस्ट केनेटचं साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं, त्यात मात्र आत जाता येतं.

आता खरा मुद्दा. १९८६ साली दोन गोष्टी झाल्या. स्टोनहेंजबरोबर एव्हबरी जागतिक वारसा यादीत गेलं. आणि त्याच वर्षी लंडन सोडून बाकी इंग्लंडमधल्या बसगाड्या खुल्या बाजारावर सोडल्या गेल्या. कंपनीला परवडेल त्या रस्त्यावर बस. जिथे परवडत नाही, तिथे स्थानिक कौन्सिलने पैसे दिले तरच. कौन्सिलकडचे पैसे आटले, तशा कितीतरी खेड्यांच्या फेऱ्या कमी झाल्या, काही बंदच पडल्या.

माझ्या बसमध्ये पर्यटक थोडेच होते. बाजाराच्या पिशव्या घेतलेले आजी-आजोबाच जास्त. तिथे पेन्शनच्या वयाला बसचा पास फुकट मिळतो. पण बसच नसेल तर त्या पासचं करायचं काय? आणि गाडी चालवायचं वय नसलेल्या पोरांनी कॉलेजला, कामाला जायचं कसं?

दगड कुठे जात नाहीत हो. त्यांना सांभाळायला कायदा आहे. माणसांना दवाखान्यापर्यंत नेणारी बस मात्र दरवर्षीच्या हिशेबावर चालते. मला विचाराल तर तीही वारशाइतकीच जपायला हवी.

तुमच्या गावाची शेवटची गाडी किती वाजता असते? ती चुकली तर काय करता? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!