कडी आतून लावली का?

शहागडहून बोलते आहे. आज कर्जाचे हप्ते नाहीत की मोसंबीचे भाव नाहीत. आज मी संगणकावर खेळलेल्या एका भीतीच्या खेळाबद्दल सांगणार आहे. हसा खुशाल, पण रेडिओ बंद करू नका.

खेळाचं नाव ‘फिअर्स टू फॅदम’. त्याचा पहिला भाग ‘होम अलोन’, म्हणजे घरात एकटा. तो २०२१ साली आला आणि फुकट आहे. विशेष म्हणजे तो आपल्याच देशातल्या एका तरुणाने बनवलाय. गोष्ट मात्र परदेशातल्या घरातली आहे. चौदा वर्षांचा एक पोरगा, आईबाप कामासाठी बाहेरगावी गेलेले, आणि रात्री घराभोवती कुणीतरी परका माणूस फिरतोय. मग तो आत येतो. पोराच्या हातात फक्त मोबाईल. ना बंदूक, ना काठी. लपायचं, आवाज करायचा नाही आणि सुटायचं, एवढंच. चित्र मुद्दाम जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखं फिकट ठेवलंय, त्यामुळे अंधार जास्तच दाट वाटतो. तासाभराचा खेळ, पण मी मधे दोनदा उठून पाणी प्यायले.

हा खेळ माझ्या घरी कसा आला? आमच्या गटाने हिशेबासाठी एका कार्यालयातून निघालेला जुना संगणक घेतला होता. त्यात विंडोज १० होतं. कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची देखभाल थांबवली, आणि नवं विंडोज या जुन्या यंत्रावर चढेना. मग पुतण्याने त्यावर लिनक्स टाकून दिलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ यंत्रणा, जशी विंडोज तशीच. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि सगळ्यांना वापरायला मोकळी ठेवली. जगभरची माणसं तिच्यात भर घालत आली. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही त्यावरून ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती काढली. पैसे लागत नाहीत, मराठीत टाइप करता येतं, हिशेबाचे तक्ते होतात. गटाला याहून काय पाहिजे?

अडचण एकच. हा खेळ विंडोजसाठी बनवलेला. तिथं प्रोटॉन नावाची सोय कामी येते. ‘स्टीम’ हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ती २०१८ साली आणली. तिला दुभाषा समजा. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागतो, दुभाषा ते लिनक्सच्या भाषेत सांगतो आणि काम होतं. आमच्या यंत्रावर चित्र अडखळत होतं, पण चाललं. आणि हो, त्या दुकानात खातं उघडताना लेकरांच्या हाती आपलं बँक कार्ड देऊ नका. फुकटच्या खेळाला कार्ड लागत नाही.

खेळ मागितला होता शेजारच्या पोरीने. ती दहावीला आहे. आईबाप दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते थेट उन्हाळा लागला की परततात. घरी ती, लहान भाऊ आणि आजी. आजीला कमी ऐकू येतं. पोरीने खेळ पटापट खेळला. मी किंचाळले तेव्हा ती म्हणाली, “काकू, तुम्ही दार न बघता आत कशा गेलात? मी तर रोज आधी बघते.”

त्या ‘रोज’वर मी थांबले. तिला विचारलं तेव्हा एकेक कळलं. दाराला आतली कडी सैल आहे, धक्का दिला की निघते. संडास अंगणाच्या पलीकडे, म्हणून रात्री ती पाणीच पीत नाही. आईबापाचा फोन लागत नाही, कारण फडात चार्जिंग नाही. हे तिने घरी सांगितलं नव्हतं. का, तर सांगितलं की घरचे म्हणतील, पोरीला एकटी ठेवायला नको, उजवून टाकू.

बायांनो, हे तुम्हाला नवीन नाही. गोदावरीचा पूल ओलांडला की गेवराई तालुका, आणि नदीच्या दोन्ही काठांवरून कोयते जातात. मागे राहिलेल्या पोरीची काळजी हेच कितीतरी घरांत लवकर लग्नाचं कारण होतं. कायद्याने मुलीचं वय अठरा पूर्ण लागतं हे सगळ्यांना पाठ आहे. तरी भीती कायद्यापेक्षा मोठी ठरते. म्हणजे सैल कडीमुळे एका पोरीची शाळा सुटू शकते.

खेळात एक गोष्ट मला पटली नाही. तिथला माणूस परका आहे. मुलींवरच्या अत्याचारांच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी गुन्हे नोंदींचे अहवाल दरवर्षी दाखवतात. आपल्या गावात कुणाच्या घरातली मोठी माणसं गेलीत, हे परक्याला कुठून कळणार? ओळखीच्याला माहीत असतं. ‘तुझ्या बापाने उचलीचे पैसे पाठवलेत, दार उघड’ असं म्हणणारा खेळात नाही. म्हणून मी पोरीला सांगितलं, नातं सांगणाऱ्यालाही रात्री दार नाही. पैसे असतील तर सकाळी, काकूच्या घरी.

पण एक चांगलं झालं. खेळाचं निमित्त नसतं तर ती बोलली नसती. समोर बसवून ‘तुला भीती वाटते का’ विचारलं तर कुठलं लेकरू हो म्हणतं? पडद्यावरच्या पोराबद्दल बोलता बोलता ती स्वतःचं बोलली. म्हणून असे खेळ घरात आले तर नुसतं रागावून बंद करू नका, शेजारी बसा. लहानग्यांना मात्र दाखवू नका. तिचा भाऊ खिडकीतून बघत होता, तो दोन रात्री आजीच्या कुशीत झोपला.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडून आतून जाड अडसर बसवून घेतला. आजीच्या मोबाईलमध्ये माझा नंबर पहिला टाकला, तिघांकडूनही ११२ लावायचं पाठ करून घेतलं. मुलांसाठी १०९८ आहे, तोही फुकट लागतो. आणि पोरीच्या आईला निरोप धाडला की परीक्षेपर्यंत तिचा मुक्काम रात्री आमच्याकडे, लग्नाचा विषय काढू नका. आईने ‘बरं’ म्हटलंय. बापाचा फोन अजून आलेला नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली, तिच्यात जालना जिल्हाही आहे. जागा आणि कागदपत्रांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करायची, तीही शाळा सुरू व्हायच्या आधी. आमच्या गटाने ठरवलंय की दसऱ्याआधीच्या बैठकीत, मागे राहणाऱ्या लेकरांची घरं कोणती आणि प्रत्येक घराला रात्री हाक कोण मारणार, हे वहीत लिहायचं. आमच्या वहीत सध्या सात घरं आहेत. सहा घरांना हाक मारणारी बाई ठरली. सातवं घर गावाबाहेर मळ्यात आहे, त्याचं काय करायचं यावर पुढच्या सोमवारी बसणार आहोत.