साच्याचा हिशेब वेगळा मांडा



काँक्रीट आणि फॉर्मवर्क कंत्राटदारांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. मोठ्या प्रकल्पांवर भरणाऱ्या परिषदांत डिझाइन, निधी, भूसंपादन यांवर भरपूर चर्चा होते. काँक्रीट ज्या साच्यात ओतले जाते तो साचा आणि तो उभा करणारी माणसे यांचा विषय मात्र क्वचितच निघतो. म्हणून आजचे भाषण मी त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: साचा हेसुद्धा एक बांधकाम आहे. त्याला स्वतःचा आराखडा, स्वतंत्र तपासणी आणि निविदेत स्वतःचा दर मिळालाच पाहिजे.

साच्याला 'तात्पुरते काम' म्हटले की त्यावरचा भारही तात्पुरता, म्हणजे किरकोळ, असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलो भरते. पियरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या, साच्यात तीन मीटर उंचीचे ओले काँक्रीट एका दमात चढवले, तर तळाशी दर चौरस मीटरला सात टनांहून अधिक दाब येऊ शकतो. तो दाब पेलायला तिथे असतात ते पत्रे, वेलर आणि टाय रॉड. त्यातून हिवाळ्याची रात्र असेल, मिक्समध्ये काँक्रीट उशिरा घट्ट होण्यासाठी रिटार्डर असेल आणि पंपवाल्याला घाई असेल, तर खालचा थर घट्ट व्हायच्या आत वरचा येऊन पडतो आणि दाब वाढतच जातो. म्हणून तासाला किती मीटर चढायचे, हा निर्णय पंपवाल्यावर सोडता येत नाही. तो साच्याच्या डिझाइनमध्ये लिहिलेला असला पाहिजे.

आपल्या कामात डोके किती लागते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच कोकणात उभे आहे. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरचा कोकण रेल्वेचा पूल सुमारे ४२४ मीटर लांब आहे आणि त्याचा सर्वांत उंच खांब ६० मीटरपेक्षा जास्त आहे. एवढ्या खोल दरीत तळापासून सेंटरिंग उभारणे अव्यवहार्य होते. म्हणून इन्क्रिमेंटल लाँचिंग पद्धत वापरण्यात आली. पुलाच्या एका टोकामागे कास्टिंग यार्ड असते आणि तिथे गर्डरचा एकेक भाग ओतला जातो. त्याने ताकद धरली की आधीच्या भागाशी जोडून हायड्रॉलिक जॅकने सबंध गर्डर पुढे ढकलायचा. पुढच्या टोकाला पोलादी नोज असते, ती पुढच्या खांबाला टेकते. साचा जागेवरच राहतो आणि पूल सरकत जातो. या पद्धतीत तळाच्या साच्याच्या पातळीत काही मिलिमीटरचा फरक पडला तरी तो पुढे प्रत्येक खांबावरच्या बेअरिंगला जाणवतो. डिझाइन कागदावर कितीही उत्तम असो, ते प्रत्यक्षात उतरते यार्डातल्या सुताराच्या आणि सर्व्हेअरच्या हातून.

दुसरे उदाहरण मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचे. तो २००९ साली खुला झाला. त्याच्या मुख्य मनोऱ्यांचे पाय तिरके आहेत आणि वर जाऊन ते एकत्र येतात. तिथे स्वतः वर चढणारा साचा वापरला गेला. तिरक्या पायावर प्रत्येक टप्प्याची भूमिती मागच्या टप्प्यापेक्षा निराळी असते. अशा साच्याचे डिझाइन करणारा माणूस आणि तो चालवणारी टोळी यांना 'शटरिंगवाले' एवढ्या एका शब्दात निकालात काढणे अन्यायाचे आहे.

समुद्राजवळच्या कामांत साच्याचा संबंध थेट पुलाच्या आयुष्याशी येतो. आयएस ४५६ संहितेनुसार समुद्राच्या पाण्याचे शिंतोडे उडतात तिथे सळईवर किमान ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, लागते आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर. हे कव्हर ड्रॉइंगवर एका रेघेत दिसते. प्रत्यक्षात ते टिकवतात कव्हर ब्लॉक आणि न सरकणारा पत्रा. साइटवर काय घडते ते तुम्ही सगळे जाणता. दोन पॅनेलच्या सांध्यात नखाएवढी फट राहते, टेप लावायचा राहून जातो. व्हायब्रेटर लागला की सिमेंटची स्लरी तिथून गळू लागते आणि आत उरते ती नुसती खडी. साचा उघडल्यावर तिथे हनीकोम्ब दिसतो, कोणीतरी त्यावर मसाला चोपडतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पण खारट ओलीला सळईपर्यंत जायची वाट त्या दिवशी तयार झालेली असते.

हे गोव्याच्या मित्रांना वेगळे सांगायला नको. मांडवी नदीवरचा पणजीचा नेहरू पूल वीस वर्षेही टिकला नाही. जुलै १९८६ मध्ये तो कोसळला. पूर्वताणाच्या केबल्स गंजल्या होत्या. तो दोष साच्याचा नव्हता. पण खाऱ्या हवेत पोलाद उघडे पडले तर काय होते, हे त्या पुलाने दाखवले आणि पोलाद झाकण्याचे काम आपल्या हातात आहे.

आता साचा काढण्याविषयी. उभ्या साच्यासाठी १६ ते २४ तास, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालच्या टेकूंसाठी ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्यासाठी १४ दिवस आणि सहा मीटरपेक्षा लांब तुळईखालच्या टेकूंसाठी २१ दिवस, हे संहितेतले आकडे आपल्या मुकादमांना तोंडपाठ आहेत. पण ते साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आहेत आणि तापमान १५ अंशांखाली जाणार नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे. आज आपण फ्लाय अॅश आणि स्लॅग मिसळलेले सिमेंट सर्रास वापरतो. त्याची सुरुवातीची ताकद सावकाश वाढते. संहितेचे मूळ तत्त्व असे की साचा काढताना काँक्रीटवर जो ताण येणार आहे, त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली असावी. तेव्हा निर्णय काँक्रीटच्या क्यूब चाचणीच्या निकालावर घ्या. पत्रे पुढच्या स्पॅनला हवेत म्हणून कोणी टेकू काढायला सांगितले, तर क्यूबचा कागद मागा.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेची बातमी आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळला आणि वीस माणसे गेली. आपली माणसे जिथे दिवसरात्र उभी असतात ती लाँचर, स्टेजिंग, प्रॉप ही सगळी तात्पुरत्या कामाच्या सदरात मोडतात. तात्पुरत्या कामावर स्वतंत्र देखरेख हवी, हा धडा ब्रिटनने पन्नास वर्षांपूर्वी घेतला. १९७२ मध्ये लॉडन नदीवरच्या पुलाचे फॉल्सवर्क, म्हणजे ओल्या काँक्रीटला धरणारे टेकूंचे काम, कोसळून माणसे दगावली. त्यानंतर नेमलेल्या ब्रॅग समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला आणि पुढे बीएस ५९७५ ही स्वतंत्र संहिता आली. तिथे आज प्रत्येक मोठ्या साइटवर तात्पुरत्या कामांचा समन्वयक असतो. त्याने लेखी परवानगी दिल्याशिवाय भार टाकता येत नाही आणि टेकूही काढता येत नाही. आपल्याकडे फॉल्सवर्कसाठी आयएस १४६८७ आहे, पुलांसाठी आयआरसी ८७ आहे. म्हणजे नियमांची वाण नाही. वाण आहे ती साइटवर 'थांबा' म्हणण्याचा अधिकार असलेल्या माणसाची.

हा अधिकार कागदावर येण्यासाठी पैशाचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. आयएस १२०० प्रमाणे साच्याचे मोजमाप काँक्रीटला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमध्ये करता येते. पण रस्ते मंत्रालयाच्या प्रमाणित तपशिलात पुलाच्या काँक्रीटच्या दरातच साच्याचा खर्च धरलेला असतो. परिणाम काय होतो? जाड पाया आणि तिरका पियर यांत घनमीटर तेवढेच असले तरी साच्याचा खर्च कित्येक पटींनी वेगळा असतो. निविदेत तो दिसत नाही. जे दिसत नाही त्यात काटकसर करणे सर्वांत सोपे. वाकलेला प्रॉप चालवून घेतला जातो, टाय रॉड एकाआड एक लावला जातो. ही काटकसर शेवटी कोणाच्या डोक्यावर येते, हे आपण पाहिले आहे.

त्यातच पोटकंत्राटदाराची कोंडी होते. ड्रॉइंग उशिरा आले तर उभा साचा तसाच अडकून राहतो आणि पत्र्यांचे भाडे चालू राहते. मुख्य कंत्राटदाराचे बिल खात्यात अडकले की आपले आरए (चालू) बिलही अडकते. टोळीचा पगार मात्र थांबवता येत नाही, थांबवूही नये. रिटेन्शनची, म्हणजे राखून ठेवलेली, रक्कम काम संपून वर्ष उलटले तरी सुटत नाही, असे अनुभव या सभागृहात अनेकांच्या गाठीशी आहेत. वेळेवर पैसे हा सुरक्षिततेचाच भाग आहे, असे मी सरकारला आणि मोठ्या कंपन्यांना जबाबदारीने सांगतो.

आणि आता माणसांविषयी. आपल्या साइटवरचे सुतार आणि फिटर झारखंडचे आहेत, बंगालच्या मालदा-मुर्शिदाबादचे आहेत, उत्तर प्रदेशचे आहेत, मराठवाड्या-विदर्भाचेही आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी काम बघून बघून आत्मसात केले. त्यांच्या हाताला दाम मिळतो, पण कौशल्याचा दाखला मिळत नाही. शटरिंग कारपेंटरसाठी राष्ट्रीय पातळीवर अभ्यासक्रम ठरलेले आहेत. ते आपल्या आयटीआयपर्यंत आणि साइटवरच्या छपरापर्यंत पोहोचले पाहिजेत. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर बसवला आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी राखून ठेवला. हा पैसा त्यांच्या घामाचा आहे. त्याचा लाभ मिळवायला कामगाराची नोंदणी लागते, तिच्यासाठी वर्षातल्या नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागत आला आहे आणि तो देणे आपल्याच हातात असते. तो देताना आपण टाळाटाळ करतो, तेव्हा त्या कामगाराच्या मुलाची शिष्यवृत्ती अडते.

सरकारकडे आणि प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. निविदेत साच्याची बाब वेगळी दाखवा. प्रत्येक मोठ्या प्रकल्पावर तात्पुरत्या कामांचा समन्वयक नेमा आणि त्याच्या सहीशिवाय काँक्रीट पडणार नाही असा नियम करा. आणि पोटकंत्राटदाराचे बिल किती दिवसांत चुकते होणार, हे मुख्य करारातच लिहा.

तुमच्याकडे माझी विनंती याहून कठीण आहे. आराखड्याशिवाय साचा उभा करू नका. तपासणीची यादी सहीसह पूर्ण झाल्याशिवाय ट्रान्झिट मिक्सर बोलावू नका. तुमच्या टोळीतल्या प्रत्येकाची नोंदणी येत्या वर्षात करून घ्या आणि नव्वद दिवसांचा दाखला मागायची वेळ त्याच्यावर आणू नका. यासाठी एखादे काम हातचे गेले तर जाऊ द्या. ज्या दरात माणसे सुरक्षित राहत नाहीत, त्या दरात काम घेऊ नका.