स्थलांतरितांची लोकसेवा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मारवाडातून या बालाघाटच्या मुलखात आले. 'बाहेरचे' या शब्दाचा अर्थ आपणांस सांगावा लागत नाही. नागपूरच्या एका कन्येस तो अमेरिकेत ऐकावा लागला.

स्वाती दांडेकर १९७३ साली अमेरिकेस गेल्या. आयोवा राज्यातील मॅरियन येथे राहताना १९९६ मध्ये त्या लिन-मार शाळा मंडळावर निवडून आल्या. तेथे असे मंडळ मतदारच निवडतात; शाळांचे अंदाजपत्रक, अधीक्षकाची नेमणूक, इमारती, सारे त्याच्या हाती. मानमरातब थोडा, बैठका फार! हे काम त्यांनी सहा वर्षे केले.

२००२ साली त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा प्रतिस्पर्धी उमेदवाराने शंका काढली की, जातिव्यवस्थेच्या देशात वाढलेली स्त्री येथील मूल्यांचे प्रतिनिधित्व कसे करणार? मतदारांनी दांडेकरांनाच निवडले. २००९ मध्ये त्या राज्याच्या सिनेटच्या सदस्या झाल्या. माझ्या मते २००२ चा निकाल शाळा मंडळाच्या बैठकांतच लागला होता.

आपल्या शेजारच्या नगरचे कुंदनमल फिरोदिया मारवाडी ओसवाल कुळातले. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. धर्मशाळा, पाणपोई, गोशाळा यांसाठी आपला हात सैल असतो. सार्वजनिक बैठक म्हटली की मात्र दुकानाची वेळ आडवी येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्यांपैकी एखादी जागा या सभागृहातील कोणी स्वीकारणार असेल, तर त्यांनी व्याख्यानानंतर मला अवश्य भेटावे.