शंभर डोसांची बाटली

गावात मानमोडी शिरली, हे आधी कळतं ते सकाळी डालगं उचलल्यावर. काल संध्याकाळी दाणे टिपणारी तलंग पंख ओघळून कोपऱ्यात बसलेली असते. चोच उघडी, घशात घरघर, खाली हिरवट-पांढरी पातळ विष्ठा. बऱ्याच कोंबड्या दोन दिवसांतच जातात. ज्या तगतात त्यांतल्या काहींची मान पिरगळते आणि त्या जागच्या जागी गिरक्या घेत राहतात. मानमोडी हे नाव त्यावरूनच पडलं. पशुवैद्यक तिला राणीखेत म्हणतात. १९२७च्या सुमारास कुमाऊंमधल्या राणीखेत गावी भारतात हा रोग ओळखला गेला आणि बिचाऱ्या थंड हवेच्या गावाचं नाव कोंबड्यांच्या मरतुकीला कायमचं चिकटलं. इंग्लंडमध्ये हेच न्यूकॅसल शहराच्या वाट्याला आलं.

रोग एका खुराड्यातून पुढे कसा जातो, याचं उत्तर विषाणूपेक्षा त्या सकाळच्या हिशेबात जास्त सापडतं. घरात दहा कोंबड्या. दोन गेल्या, आठ हिंडत्या-फिरत्या आहेत, आणि आज नेमका आठवडी बाजार. आठही आज विकल्या तर पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय होते. ठेवल्या तर शनिवारपर्यंत एकही उरेल याची खात्री नाही. घरातली कर्ती बाई काय करील? ती त्यांचे पाय बांधते, टोपलीत घालते आणि बाजार गाठते. तिला कुणी अडाणी म्हणू नये. तिच्या जागी कुणीही तेच करील. पण राणीखेतची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी दोन, कधी पंधराही. बाजारात धडधाकट दिसलेली कोंबडी संध्याकाळी दुसऱ्या गावच्या खुराड्यात शिरते. तिच्यासोबत रोगही शिरतो.

म्हणून विकत आणलेली कोंबडी घरच्या कोंबड्यांत त्याच दिवशी सोडू नये, असं पशुवैद्यक सांगतात. तीन आठवडे ती वेगळी ठेवायची, तिचं पाण्याचं भांडं वेगळं, आणि दाणे टाकताना आधी घरच्यांना, मग नवीला. उलट करायचं नाही, कारण रोग माणसाच्या हातापायांनी चालत येतो. जावयासाठी आणलेला कोंबडा तीन आठवडे थांबत नाही, हे खरं. पण तो निदान दुसऱ्या डालग्याखाली रात्र काढू शकतो.

कोंबडीपालनाच्या भिंतीपत्रकांवर बहुधा गमबूट घातलेला माणूस, दाराशी जंतुनाशकाचं पाणी आणि जाळीदार शेड दिसते. पोल्ट्रीवाल्यासाठी ते योग्यच. परसातल्या कोंबडीला मात्र दार नसतं. ती सकाळी शेजारच्या उकिरड्यावर, दुपारी गोठ्यात, तिसऱ्या प्रहरी नाल्याकाठी असते. घर जरी दहा कोंबड्यांचं असलं, तरी रोगाच्या दृष्टीने साऱ्या पाड्याचा मिळून एकच कळप असतो. आणि हे कळप थोडेथोडके नाहीत. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली जवळपास ३२ कोटी परसातली होती.

मेलेली कोंबडी नाल्यात फेकली की कुत्रं ती तिसऱ्या गल्लीत नेऊन खातं, कावळे उरलेलं पसरवतात. खोल खड्डा, वर चुना आणि माती, इतकं केलं तरी निम्मी वाट बंद होते. पावसाळ्यात कोंबड्यांना देवीचा रोग येतो. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात. तो पसरवण्यात डासांचा हात मोठा. तेव्हा खुराड्याजवळ साचलेलं डबकं बुजवणं हेसुद्धा कोंबडीपालनच. उवा-पिसवांसाठी चुलीच्या राखेचा ढीग कोंबड्या आपणहून शोधून काढतात. त्यांना त्यात लोळू द्यावं.

या सगळ्याच्या वर बर्ड फ्लूची धास्ती आहेच. भारतात तो पहिल्यांदा आढळला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६मध्ये. नवापूरला मोठमोठ्या पोल्ट्र्या होत्या, पण पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांतही तो सापडला. जानेवारी २०२१मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात एका पोल्ट्रीत सुमारे ८०० कोंबड्या एकाएकी मेल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेनं निदान दिलं तेही बर्ड फ्लूचंच. हा रोग पक्का झाला की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात, दहा किलोमीटरपर्यंत पाळत राहते. सरकार भरपाई देतं. तरी ज्याच्या दारात शंभर नाहीत, पाचच आहेत, तो आधी गप्पच बसतो. मरतूक कळवणं हे २००९च्या कायद्यानं पाळणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा फुकट लागणारा नंबरही आहे. पण कायद्याआधी घाबरलेल्या माणसापर्यंत गावातलं ओळखीचं कुणीतरी पोचायला हवं.

असं ओळखीचं माणूस म्हणून बचत गटांच्या चळवळीतून पशुसखी पुढे आल्या. गावातलीच बाई, शेळ्या-कोंबड्यांची लस देण्याचं शिक्षण घेतलेली. तिची खरी अडचण औषधाची नसून मापाची असते. राणीखेतच्या लसीची लहानातली लहान बाटली बहुधा शंभर डोसांची. ती पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते, आणि तोपर्यंत बर्फात. दहा कोंबड्यांच्या घरासाठी बाटली फोडली तर नव्वद डोस वाया. म्हणजे दहा-बारा घरं एका वेळी तयार हवीत.

ते जमवायचं तर पहाट गाठावी लागते, कोंबड्या खुराड्यात असतात तेव्हा. उजाडलं की त्या हाती येत नाहीत. पशुसखी थर्मास मांडीशी धरून ओट्यावर बसते.

“काकू, पंख दाबून धरा. मान आडवी.”

“ताई, ही लई टोचते.”

“टोचू दे. डोळा मिटला का? हां, गेला थेंब आत. सोडा.”

पिल्लं पाच-सात दिवसांची झाली की लासोटा नावाच्या लसीचा हा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बी लस, ती टोचून. ही दुसरी लस लहान पिल्लांना देत नाहीत, ती त्यांना सोसत नाही. पोल्ट्रीत सगळी पिल्लं एका दिवसाची, तिथं तारखा नीट जुळतात. पाड्यावर प्रत्येक खुडूक कोंबडी आपल्या मर्जीनं उबवते, म्हणून पशुसखीला दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा यावं लागतं. मानमोडी आल्यावर मात्र सुई उपयोगाची नाही. आजारी कोंबडीची सुई निरोगी कोंबडीला लावली तर रोग आपल्याच हातानं पोचवल्यासारखं होतं.

बाराव्या घरी पोचेपर्यंत उन्हं वर आलेली असतात. तिथल्या तीन कोंबड्या खुराड्यात झोपत नाहीत, मोहाच्या फांदीवर झोपतात. पोरं दगड मारून त्यांना खाली आणायला धावतात, घरधनीण ओरडते, कोंबड्या आणखी वर चढतात. बाटलीत चार डोस शिल्लक आहेत, वेळ सरत आली आहे. पशुसखी वहीत त्या घरापुढे तीनाचा आकडा टिपते, उरलेली लस चुलीवर उकळून टाकून देते आणि घरधनिणीला सांगून ठेवते की पुढच्या खेपेला आदल्या रात्री या तिघींना टोपलीखाली घालून ठेवा.