तीन विधवांची वांटणी

एक गृहस्थ मरण पावतो. मागें तीन पत्नी राहतात. विवाहसमयींच्या करारपत्राप्रमाणें पहिलीचें येणें १०० दिनार, दुसरीचें २०० आणि तिसरीचें ३००. मालमत्ता मात्र या बेरजेस पुरत नाहीं. वैधव्यांत ज्या पैशावर दिवस कंठावयाचे तोच अपुरा! मग कोणास किती द्यावें?

यहुदी धर्मशास्त्राच्या ‘मिश्ना’ नामक, सुमारें इ. स. २०० च्या संग्रहांत याचें उत्तर आहे. मालमत्ता १०० असल्यास तिघींस समान भाग. ३०० असल्यास ५०, १०० व १५०, म्हणजे हक्काच्या प्रमाणांत. परंतु २०० असल्यास ५०, ७५ आणि ७५! हा कोणता न्याय? त्रैराशिक शिकलेला मुलगाहि हंसेल. भास्कराचार्यांच्या लीलावतींत ५१, ६८ व ८५ असें भांडवल घालणाऱ्या तिघां भागीदारांस ३०० पैकीं ७५, १००, १२५ मिळतात. पण तेथें द्रव्य वाढलेलें आहे. येथें तें आटलेलें आहे, आणि हा भेद लहान नव्हे. तालमूदांतच एका आचार्यानें हें मत अमान्य करून सर्वांस समान वांटणी सांगितली, आणि पुढील भाष्यकारांनीं यावर पुष्कळ कष्ट घेतले.

किल्ली निराळ्याच प्रकरणांत होती. दोघे एक वस्त्र धरून भांडतात. एक म्हणतो, सर्व माझें. दुसरा म्हणतो, अर्धें माझें. मिश्ना पहिल्यास पाऊण देते, दुसऱ्यास पाव. कारण उघड आहे : दुसऱ्यानें एका अर्ध्यावरील हक्क आपण होऊनच सोडला. वाद उरला तो उरलेल्या अर्ध्याचा. तेवढेंच निम्मेनिम्म करावयाचें.

आतां २०० च्या वांटणींतील पहिल्या दोघी घ्याव्या. त्यांच्या पदरीं मिळून १२५. पहिलीचा हक्क १०० चाच, म्हणून २५ निर्विवाद दुसरीचे. राहिलेल्या १०० चे दोन भाग केले कीं ५० आणि ७५! कोणतीहि जोडी, कोणतीहि मालमत्ता घ्यावी, नियम तोच.

हें उलगडलें जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील रॉबर्ट ऑमन व मायकेल माश्लर यांनीं, १९८५ च्या निबंधांत. डेव्हिड श्माइडलर यांनीं १९६९ मध्यें सहकार्याच्या लाभाची वांटणी करण्याची एक रीत मांडली होती : सर्व गटांच्या गाऱ्हाण्यांपैकीं जें सर्वांत मोठें, तें होईल तितकें लहान करावें, मग त्याच्या खालचें. त्या रीतीनें हिशेब केला असतां मिश्नेचेच आंकडे तंतोतंत निघाले. ऑमन यांस २००५ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या वचनाकडे त्यांचें लक्ष वेधलें होतें धर्मशास्त्र शिकणाऱ्या त्यांच्या शलोमो या मुलानें. तो १९८२ मध्यें लेबाननच्या युद्धांत पडला. निबंध त्याच्याच स्मृतीस अर्पण केलेला आहे.

मालमत्ता ४०० असल्यास काय, हें मिश्ना सांगत नाहीं. वस्त्राच्या नियमानें ५०, १२५ आणि २२५ येतात. जिज्ञासु श्रोत्यांनीं जोडीजोडीनें ताळा पाहावा.