एकशे आठ वर्षांची वाट



संयोजकांनी मला 'अमेरिकेतलं काहीतरी सांग' असं फर्मावलं आहे. तिथली नोकरी, बर्फ आणि रस्ते यांबद्दल तुम्ही भरपूर ऐकलं असेल. म्हणून मी एका सामन्याबद्दल बोलणार आहे. सामना बेसबॉलचा आहे, पण घाबरू नका. मधल्या सुट्टीत डबा अर्धवट टाकून क्रिकेट खेळणाऱ्यांना हा खेळ कळायला वेळ लागत नाही.

चेंडू फेकतो तो पिचर. एकूण डाव नऊ. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला की होम रन. बरोबरी झाली तर जादा डाव. एवढं पुरे.

मी शिकागोत राहते आणि माझा संघ शिकागो कब्ज. या संघानं १९०८ साली अजिंक्यपद मिळवलं आणि त्यानंतर कधीच नाही. आपण १९८३ नंतर २०११ पर्यंत विश्वचषकाची वाट पाहिली. ती २८ वर्षं आपल्याला युगासारखी वाटली. कब्जची वाट १०८ वर्षांची झाली. जपमाळेचे मणी १०८, बेसबॉलच्या चेंडूवरचे दुहेरी टाकेही १०८. योगायोगच, पण माझ्यासारखीला तो लक्षात राहणारच!

१९४५ साली कब्ज अंतिम मालिकेत खेळत होते. एका गुत्त्याचा मालक आपला बोकड घेऊन सामन्याला आला. बोकडाला बाहेर काढलं, तेव्हा त्यानं संघाला शाप दिला असं सांगतात. शापावर विश्वास ठेवा न ठेवा, पुढची ७१ वर्षं हा संघ अंतिम मालिकेत पोचलाही नाही. २००३ मध्ये अगदी उंबरठ्यावर आला होता. आणखी पाच गडी बाद करायचे होते. तेवढ्यात झेलाला जाणाऱ्या चेंडूला एका प्रेक्षकाचा हात लागला. त्यानंतर संघ गडगडला आणि सगळ्या शहराचा राग त्या एका माणसावर निघाला.

मला हा खेळ शिकवला आमच्या शेजारच्या आजोबांनी. त्यांचा जन्म नेमका १९४५चा. लहानपणी वडील त्यांना रिग्ली फील्डवर न्यायचे. भिंतीवर हिरवा वेल चढलेलं, धावफलकावरचे आकडे अजून हातानं बदलणारं हे मैदान १९१४ साली उभं राहिलं. संघ हरला की वडील म्हणायचे, 'पुढच्या वर्षी.' आपण विसर्जनाला बाप्पाला म्हणतो ना, तितक्याच श्रद्धेनं. तसं म्हणत म्हणतच ते गेले. मग आजोबा म्हणू लागले.

२०१६ मध्ये कब्ज पुन्हा अंतिम मालिकेत पोचले. समोरच्या संघाचं नाव तेव्हा होतं क्लीव्हलँड इंडियन्स! ऑफिसात सगळे मला विचारत, 'तू नक्की कुणाकडून?' चार सामने जिंकेल तो विजेता. कब्ज ३-१ असे मागे पडले, मग सलग दोन जिंकून बरोबरीला आले. सातवा सामना २ नोव्हेंबरला, क्लीव्हलँडमध्ये. आम्ही आजोबांच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसलो होतो.

डेक्स्टर फाउलरनं सुरुवातीलाच होम रन मारला. ३९ वर्षांच्या डेव्हिड रॉसनंही एक मारला. निवृत्तीआधीचा त्याचा हा शेवटचा सामना. ६-३ अशी आघाडी झाली. आठव्या डावात क्लीव्हलँडनं एक धाव काढली आणि पाठोपाठ राजाई डेव्हिसनं होम रन मारून ६-६ केलं. आजोबा काही न बोलता उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळू लागले.

नववा डाव संपला आणि पाऊस आला. खेळ १७ मिनिटं थांबला. तेवढ्यात जेसन हेवर्डनं सगळ्या खेळाडूंना व्यायामाच्या खोलीत जमवलं. त्या मालिकेत त्याची स्वतःची बॅट काही चालली नव्हती. पण तुम्ही किती चांगले आहात हे सहकाऱ्यांना आठवण करून द्यायला तोच उभा राहिला. दहाव्या डावात बेन झोब्रिस्टच्या फटक्यानं आघाडी मिळाली, मिगेल माँटेरोनं आणखी एक धाव जोडली. क्लीव्हलँडनं एक फेडली. ८-७. शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत ख्रिस ब्रायंटकडे गेला. पाय घसरत असतानाही तो हसत होता. त्यानं चेंडू अँथनी रिझोकडे फेकला आणि गडी बाद झाला. रिझोनं तो चेंडू चटकन पँटच्या मागच्या खिशात टाकला.

बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत होते, फटाके फुटत होते. आजोबांनी बहिणीला फोन लावला. बराच वेळ दोघंही काहीच बोलत नव्हती, नुसता फोन कानाशी धरून होती.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, 'चल, एक काम आहे.' आम्ही रिग्ली फील्डवर गेलो. मैदानाच्या बाहेरच्या विटांच्या भिंती खडूनं लिहिलेल्या नावांनी भरून गेल्या होत्या. कुणाचे वडील, कुणाची आजी, कुणाचा भाऊ. हा दिवस बघायला जे उरले नव्हते, त्यांची नावं. एका अनोळखी मुलीनं आपल्या हातातला खडू आजोबांना दिला. खाली दोन विटा मोकळ्या होत्या. एकाहत्तर वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि वडिलांचं नाव सावकाश लिहिलं. मग त्यांनी खडू मागच्या माणसाच्या हाती दिला.

४ तारखेला मिरवणूक निघाली, शिकागो नदीचं पाणी निळं केलं होतं. पण मला आठवते ती भिंतच. पुढच्या वर्षी संघानं २००३च्या त्या प्रेक्षकालाही विजेत्यांची अंगठी दिली. तेही मला भिंतीवर एक नाव लिहिल्यासारखंच वाटलं.

मित्रांनो, जिंकणाऱ्याच्या मागे अशी वाट पाहणारी माणसं असतात. फी भरायला उशीर झाला तरी वर्गात बसू देणारे, 'या वेळी नाही जमलं, पुढच्या वर्षी जमेल' म्हणणारे आपले शिक्षक त्यांतलेच. काही आज समोर बसले आहेत, त्यांना माझा नमस्कार. काही नाहीत. आपल्या बाकांवरचेही काही जण नाहीत.

म्हणून मी संयोजकांना एक विनंती केली होती आणि ती त्यांनी मान्य केली. आपल्या दहावीच्या वर्गाचा फळा आज स्वच्छ पुसून ठेवला आहे, खाली खडूंची पेटी आहे. जेवणाला जाण्याआधी प्रत्येकानं तिथे जाऊन एक नाव लिहावं. आणि खडू पुढच्याच्या हातात द्यावा.